जरासीमांची लढाई, माणसाची दवा

सांगलीहून मिरजेकडे निघाले की विश्रामबाग मागे पडते न पडते तोच वॉनलेसवाडी लागते. आज हा सारा भाग महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि अपार्टमेंट, शिकवणीवर्ग, दवाखाने यांनी गजबजून गेला आहे. परंतु जुन्या पिढीच्या मनात या वाडीचे नाव एकाच गोष्टीशी जोडलेले होते. ती गोष्ट म्हणजे तिथले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये या भागात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत इस्पितळ उघडले. पुढे मिरजेची कोरडी हवा आणि या मिशनच्या डॉक्टरांचे नाव यांमुळे दूरदूरचे रुग्ण इकडे येऊ लागले. वाडीला नाव पडले ते याच वॉनलेस यांचे.

त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आपल्या घरांतून या आजाराला ‘दिक’ म्हणत, पण तेही दबक्या आवाजात. ज्या घरात दिक शिरला त्या घरातल्या मुलीचे लग्न जमणे कठीण होई. आजाऱ्याचे ताट-वाटी वेगळे, बिछाना वेगळा. ऐपत असेल त्याने आरोग्यधामात जावे, नसेल त्याने घरातच खोकत दिवस मोजावेत. आरोग्यधामात तरी काय होते? मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध आणि अंडी. काही रुग्णांच्या छातीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस दाबून ठेवत, म्हणजे त्याला आराम मिळेल. उर्दू कथेचा बादशहा सआदत हसन मंटो ऐन तारुण्यात छातीच्या दुखण्यापायी काश्मीरच्या वाटेवरील बटोत येथे हवापालटाला जाऊन राहिला होता. पंडित नेहरूंच्या पत्नी कमला नेहरू १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याच आजाराने गेल्या. पैसा, कीर्ती, थंड डोंगराळ हवा, यांतले काहीच खात्रीने उपयोगी पडत नव्हते.

मग चित्र पालटले कसे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला एखाद्या मोठ्या इस्पितळात सापडत नाही. ते सापडते शेतातल्या मातीत, आणि त्या मातीतल्या अतिसूक्ष्म जिवांच्या आपापसांतील लढाईत. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही या जिवांना जरासीम म्हणतो, मराठीत जिवाणू. वर्गात हा धडा शिकवताना ध्यानात येते की मुलांच्या मनात जरासीम म्हणजे फक्त माणसाचे दुश्मन. प्रत्यक्षात त्यांच्यातल्या बहुतेकांना माणसाशी काहीच देणेघेणे नाही. त्यांचे खरे वैर आपल्या शेजाऱ्यांशी असते, आणि कारण जमिनीवरच्या साऱ्या वैरांचे असते तेच आहे: जागा थोडी आणि अन्न अपुरे.

हे वैर प्रथम कोणी पाहिले, याचे एकच एक नाव सांगता येत नाही. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि त्यांचे सहकारी झुबेर यांनी नोंदवले की फाशी म्हणजे अँथ्रॅक्सचे जिवाणू वाढत असलेल्या द्रवात दुसरे साधे जिवाणू शिरले तर अँथ्रॅक्सची वाढ खुंटते. एका जिवाने दुसऱ्याचे जिणे मुश्कील करावे, यातून कधीतरी औषध निघेल, ही आशा तेव्हाच बोलून दाखवली गेली होती. १९२५ मध्ये बेल्जियमच्या आंद्रे ग्राशिया यांनी पाहिले की आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा एक वाण आपल्याच भाऊबंदांना मारणारे द्रव्य सोडतो. तीन वर्षांनी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिनचा इतिहास सुरू झाला. ही शेवटची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मात्र पेनिसिलिनचा क्षयाच्या जंतूवर काही परिणाम होत नव्हता. दिकचा रुग्ण होता तिथेच राहिला.

दिकवरची दवा निघाली ती शेतकी महाविद्यालयातून. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन नावाचे प्राध्यापक होते. युक्रेनमधील एका ज्यू कुटुंबातला हा मुलगा १९१० मध्ये अमेरिकेत आला आणि त्याने आयुष्यभर मातीचा अभ्यास केला. १९३० च्या दशकात त्यांच्याकडे एक साधा पण विचार करायला लावणारा प्रश्न आला. क्षयाने मेलेली माणसे आणि जनावरे हजारो वर्षे जमिनीत पुरली जात आहेत. मग माती या जंतूंनी भरून का गेली नाही? आपण पिढ्यानपिढ्या आपली मयत मातीच्या हवाली करतो. महामारीच्या काळात तर कब्रस्तानात जागा पुरली नाही. तरीही काही काळाने ती माती पुन्हा स्वच्छ असते, तिच्यावर गवत उगवते. वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत दिसले की मातीत घातलेले क्षयाचे जंतू टिकत नाहीत. मातीत कोणीतरी त्यांना जगू देत नव्हते.

त्या ‘कोणीतरी’चा माग काढायचे ठरले. संशयितांमध्ये एक मोठा गट होता स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जिवाणूंचा. हे असतात जिवाणूच, पण बुरशीसारखे धाग्याधाग्यांनी वाढतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर जो मातीचा वास सुटतो, कनौजचे अत्तरवाले जो वास ‘मिट्टी’ या नावाने कुपीत भरतात, त्यामागे मुख्यतः याच जिवाणूंनी बनवलेले एक द्रव्य असते. वॅक्समन यांच्या हाताखाली अल्बर्ट शाट्झ नावाचा तेवीस वर्षांचा गरीब घरातला विद्यार्थी होता. तळघरातल्या प्रयोगशाळेत तो रात्रंदिवस काम करी. पद्धत सोपी होती. मातीतून वेगळा केलेला जिवाणू काचेच्या बशीत एका रेषेत वाढवायचा आणि त्याच्या आडवा रोगजंतू लावायचा. दोघांच्या मध्ये मोकळा पट्टा राहिला, तर समजायचे की पहिल्याने काहीतरी सोडून दुसऱ्याला रोखले आहे. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी शाट्झ यांच्या हाती असे दोन वाण लागले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतला होता, दुसरा एका कोंबडीच्या घशातून आलेला. त्यांनी सोडलेले द्रव्य म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. ते क्षयाच्या जंतूलाही रोखत होते. जानेवारी १९४४ मध्ये शाट्झ, एलिझाबेथ ब्यूजी आणि वॅक्समन या तिघांच्या नावाने हा शोध प्रसिद्ध झाला.

पुढे मात्र जिवाणूंची लढाई शोधणाऱ्या प्रयोगशाळेत माणसांचीच लढाई जुंपली. पेटंटचा पैसा येऊ लागला आणि त्यातला वाटा प्राध्यापकांना मिळतो, आपल्याला नाही, हे शाट्झ यांना समजले. १९५० मध्ये त्यांनी आपल्या गुरूंवर दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली, शाट्झ सहसंशोधक ठरले आणि उत्पन्नातला हिस्सा प्रयोगशाळेतल्या इतर सहकाऱ्यांनाही मिळाला. तरी १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना दिले गेले. एलिझाबेथ ब्यूजी यांचे नाव तर सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचले. तळघरात राबणाऱ्याचे नाव आणि वरच्या मजल्यावर बसणाऱ्याचे नाव यांत इतिहास अनेकदा दुसरेच निवडतो. शोधाची किंमत यामुळे कमी होत नाही. पण इतिहास वाचताना हे ध्यानात असावे.

आता या औषधाने काय केले ते पाहू. ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये सुरू झालेल्या एका काटेकोर चाचणीचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापले गेले. १०७ क्षयरुग्णांपैकी ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन दिले, ५२ जणांना फक्त अंथरुणावर विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. जगभर आनंदाची लाट उसळली. परंतु पाच वर्षांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांतील अर्ध्याहून अधिक रुग्ण मरण पावले होते आणि दोहोंतले अंतर फारसे उरले नव्हते. कारण त्याच चाचणीत उघड झाले होते. अनेकांच्या थुंकीतले जंतू काही आठवड्यांतच औषधाला दाद देईनासे झाले होते. एकट्या औषधाला जंतू चुकवतो. दोन-तीन औषधे एकदम दिली तर चुकवणे कठीण जाते. आज क्षयाच्या रुग्णाला सहा-सहा महिने तीन-चार औषधे एकत्र घ्यावी लागतात, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

या नव्या औषधोपचाराने आरोग्यधामांचे युग संपवले आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्रात काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरात ठेवून वर्षभर औषधे दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की नियमित औषध घेतले तर घरातला रुग्णही जवळजवळ तितकाच बरा होतो आणि त्याच्यामुळे घरच्यांना जास्त धोकाही होत नाही. त्या चाचणीतली औषधे कारखान्यात रसायनांपासून बनलेली होती, मातीतली नव्हती, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पण क्षयाला औषधाने हरवता येते, हा विश्वास मातीतल्या जिवाणूने दिला होता.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही ही लढाई समजून घेणारी प्रयोगशाळा उभी राहिली. पुण्याजवळच्या पिंपरी गावी १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत तिला होती. पेनिसिलिनपासून सुरुवात झाली, नंतर स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनू लागले. परदेशातून महागडी आयात करावी लागणारी औषधे आपल्याच टाक्यांत आंबवून तयार होऊ लागली. पण पिंपरीचे काम केवळ उत्पादनाचे नव्हते. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली तिथले संशोधक मातीचे नमुने तपासत, तीच बशी, तीच आडवी-उभी रेषा. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांना एक नवे बुरशीनाशक औषध गवसले. कंपनीच्या नावावरून त्याला हमायसिन म्हटले गेले, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूच्या नावात तर खुद्द पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे औषधही याच संस्थेने दिले. जगाच्या जीवशास्त्रात मावळातल्या एका गावाचे नाव कायमचे कोरले गेले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती.

नंतरच्या दशकांत ही कंपनी तोट्यात गेली. आणि हे केवळ पिंपरीचे दुर्दैव नव्हते. जगभरच मातीतून नवी औषधे शोधण्याचे काम मंदावले. मोठ्या कंपन्या म्हणू लागल्या की माती आता रिकामी झाली, जे होते ते सापडले. या म्हणण्याला उत्तर दिले ते पुण्यातल्या एका महाविद्यालयाने. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक असलेले मिलिंद वाटवे आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न होता: एकटा स्ट्रेप्टोमायसीस हा गट किती प्रतिजैविके बनवू शकतो? आतापर्यंतच्या शोधांच्या आकड्यांवरून त्यांनी गणित मांडले आणि उत्तर आले सुमारे एक लाख. त्यातला अगदी छोटा हिस्साच माणसाला ठाऊक आहे. शोध कमी झाले ते माती आटली म्हणून नव्हे, शोधणारे कमी झाले म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे चारुशीला कुंभार, वाटवे व इतरांनी २०१४ मध्ये दाखवले की या गटातले अनेक जिवाणू दुसऱ्या जिवंत जिवाणूंना खाऊन वाढू शकतात. म्हणजे प्रतिजैविक हे शेजाऱ्याला हुसकावण्याचे हत्यार असेल, तसेच शिकार करण्याचे साधनही असू शकेल. काही शास्त्रज्ञ तर म्हणतात की अल्प प्रमाणात ते एकमेकांना दिलेले इशारे असतात. हा वाद मिटलेला नाही.

लढाई असली तरी तिचा शेवट एकाच्या जयात होतोच असे नाही, हेही प्रयोगशाळांनी दाखवले आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बेंजामिन कर आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायचे तीन वाण घेतले. एक विष सोडणारा, दुसरा विषाला न जुमानणारा, तिसरा विषाने मरणारा पण सर्वांत वेगाने वाढणारा. मुले दगड-कागद-कात्री खेळतात तसा हा प्रकार: पहिला तिसऱ्याला मारतो, तिसरा दुसऱ्याला वाढीत मागे टाकतो, दुसरा पहिल्याला. तिघांना बशीवर आपापल्या जागी वाढू दिले तेव्हा तिघेही टिकले. चंबूत सतत घुसळत ठेवले तेव्हा फक्त विषाला न जुमानणारा उरला. ज्याला त्याला आपला कोपरा मिळाला तर दुश्मनही शेजारी राहू शकतात. सारे काही ढवळून काढले की सर्वांत निबर तेवढा शिल्लक राहतो.

आपल्या काळाची खरी चिंता याच वाक्यात आहे. ज्या जिवाणूने स्ट्रेप्टोमायसिन बनवले, त्याच्याजवळ त्याच विषापासून स्वतःला वाचवण्याची युक्तीही असते. नाहीतर तो आपल्याच हत्याराने मेला असता. हत्यार जितके जुने तितकीच ढालही जुनी. २०११ मध्ये कॅनडाच्या शास्त्रज्ञांना तीस हजार वर्षे गोठलेल्या मातीत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके सापडली. तेव्हा ना डॉक्टर होते, ना मेडिकल स्टोअर. म्हणजे ढाल माणसाने निर्माण केलेली नाही. माणसाने एवढेच केले की प्रतिजैविके गावोगाव, घरोघर ओतली आणि ढाल नसलेल्या साध्या जिवाणूंना मारून ढालवाल्यांसाठी मैदान मोकळे केले. चंबू आपण घुसळला.

हे दूरचे नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या कोणत्याही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. ‘पूर्णतः प्रतिरोधी’ या शब्दावर सरकारने हरकत घेतली, पण रुग्ण खरे होते. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे. क्षय दाट वस्तीत, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत पसरतो. यंत्रमागाची गावे, जरीच्या कामाच्या खोल्या, मुंबईच्या चाळी आणि झोपडपट्ट्या, इथे आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, मग माणूस म्हणतो आता बरे झाले आणि गोळ्या बंद करतो. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरी लोक काय म्हणतील या भीतीने, विशेषतः मुलीच्या बाबतीत, उपचार लपवून घेतले जातात आणि लपवलेले अर्धवट राहतात. दिकचे नाव न घेण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. पूर्वी ती केवळ लाजेची बाब होती. आज त्या सवयीतून निबर जंतू तयार होतो आणि तो खोकल्याबरोबर शेजारच्या घरात जातो.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. आटपाडी, जत भागात डाळिंबाच्या बागा आहेत आणि तेल्या रोगाने शेतकऱ्याची झोप उडवलेली आहे. त्यावर वर्षानुवर्षे जी पूड पाण्यात मिसळून फवारली गेली, तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असते. मातीने दिलेले औषध आपण पुन्हा मातीवर ओतले, पण मातीत कधी नसते इतक्या प्रमाणात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतला हा वापर बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. बागाईतदाराची अडचण खोटी नाही. कर्ज काढून लावलेली बाग डोळ्यांदेखत काळी पडताना तो हाती लागेल ते फवारणारच. त्याला दुसरा उपाय देणे हे संशोधनाचे काम आहे, आणि ते न देता केवळ बंदी घालणे पुरेसे नाही.

प्रत्येक आजाराला इलाज उतरवला गेला आहे, हे आपण लहानपणापासून वाझमध्ये ऐकत आलो. या श्रद्धेचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा कोणी घेत असेल तर त्याने रटगर्सचे तळघर आणि पिंपरीची प्रयोगशाळा आठवावी. इलाज शेणखताच्या मातीत होता, कोंबडीच्या घशात होता. त्याला शोधायला बशीवर रेघा ओढत बसणारा माणूस लागला. आणि मिळालेली वस्तू ही अमानत असते. तिची नासधूस केली तर ती परत घेतली जाते, हे १९४८ च्या त्या चाचणीपासून पुन:पुन्हा दिसले आहे.

पुण्याच्या महाविद्यालयातल्या निबंधाने एक लाखाचा आकडा सांगितला, तो माझ्या मते आशेचा आकडा आहे. तो मांडण्यासाठी महागडी यंत्रे लागली नव्हती. लागली ती जुनी नोंद नीट वाचण्याची आणि मोठ्यांच्या ‘आता काही उरले नाही’ या म्हणण्यावर शंका घेण्याची वृत्ती. आपल्या मोहल्ल्यांतून बारावीला विज्ञान घेणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींसमोर डॉक्टर, नाहीतर डी.एड., अशी दोनच दारे उघडी असल्याचे घरचे सांगतात. सूक्ष्मजीवशास्त्र नावाचे तिसरे दार आपल्याच शहरातल्या महाविद्यालयांत आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे. आणि घरात कोणी दिकची औषधे घेत असेल तर शेवटची गोळी संपेपर्यंत त्याच्यापाशी बसले पाहिजे. या दोन्ही कामांसाठी कोणा सरकारची वाट पाहण्याची गरज नाही.